न धुतलेली बंडी

आमच्या आईनं घरात एक चिंधी जरी न धुता ठेवली, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला खुळ्यात काढलं असतं. नवरात्र जवळ आलं की या बाईच्या अंगात येतं. घट बसायच्या आधी वाकळा, चादरी, पडदे, अभ्रे, सगळं पाण्यातून निघालं पाहिजे. एका वर्षी तिनं माझ्या मोटरसायकलच्या सीटचं कव्हर उसवून नेलं होतं. शिवाजी पुलाच्या पलीकडं आमचं घर, नदी हाकेच्या अंतरावर, त्यामुळं पाणी नाही म्हणायची सोय नाही. गल्लीतल्या एका सुनेनं एकदा वाकळ नुसती उन्हात टाकून परत घडी घातली. आईनं तिला दारात गाठून विचारलं, "देवीला काय ह्या घाणीवर बसवणार हाईस?" ती सून अजून आई दिसली की गल्ली बदलते.

हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ यातनंच झाला.

मी भिंती करतो. नव्या बंगल्यात टीव्हीच्या मागं खडबडीत, लाटालाटांची, सोनेरी मारलेली भिंत असते ना, ती. चित्रकला शिकून हे करतोस होय, असं विचारणारे भेटतात. मी त्यांना त्यांच्याच हॉलमधली भिंत दाखवतो. पण घरामागं पत्र्याची शेड आहे, तिथं मी माझं काम करतो. प्लायवूडवर पुट्टी आणि व्हाइट सिमेंट, वर सुताराच्या पांढऱ्या गोंदात भिजवलेली जुनी कापडं. ओलं असताना कापड दाबायचं, चुरगाळायचं, ओढायचं. वाळलं की दगड होतं, सुरकुती पडली तिथंच राहते. मग त्यावर काजळी घासायची, काव घासायची. आई बघते आणि म्हणते, "पडकी भित भिंतीवर कोण लावतंय?"

तरी कापडं मला तीच पुरवते. नवरात्राची धुणी काढताना जे फाटकं निघतं ते पोत्यात भरून शेडमध्ये टाकते. शेडमध्ये आलेलं कापड माझं, हे आमच्यात न बोलता ठरलेलं.

गेल्या वर्षी पितृपक्षात माझा एक मित्र आला. आम्ही चित्रकला एकत्र शिकलो, मग तो पुण्याला गेला आणि संगीत करायला लागला. संगीत हा त्याचा शब्द. आदल्या हिवाळ्यात हा गडी माइक घेऊन महिनाभर गुऱ्हाळावर राहिला. रस आटवायची ती मोठी काहील, तिच्या काठावर माइक टांगला. रस उकळतानाचा बुडबुड, उसाचा चरक, उलथनं घासल्याचा आवाज, सगळं टिपलं. मग ते आवाज ताणले, मंद केले, एकावर एक रचले. चाळीस मिनिटं. परदेशातली एक छोटी कंपनी त्याची काळी तबकडी काढणार होती, जुन्या काळची असायची तशी, मोठ्या चौकोनी कव्हरातली. कव्हर मी करायचं.

त्यानं शेडमध्ये स्पीकर लावला. मला आधी वाटलं स्पीकर फाटलाय. मग जमिनीतून काहीतरी वर यायला लागल्यासारखा आवाज आला आणि मी हातातला चहा प्यायचा विसरलो. एवढ्यात आई धुण्याची बादली घेऊन मागनं चालली होती, ती दारात थांबली.

"कुठल्या गुऱ्हाळाची काहील ही?" ती म्हणाली. "खालनं लागालीया. उतरवा म्हणावं लवकर."

आणि गेली वाळत घालायला. माझ्या मित्रानं स्पीकर बंद केला. त्या दिवशी गूळ खरंच करपला होता म्हणे, त्याशिवाय त्याला तसा आवाज मिळालाच नसता. मी त्याला सांगितलं, आमचे आबा, म्हणजे वडील, गुळव्या होते. काहील कधी उतरवायची हे गुळव्या ठरवतो. घटकाभर आधी उतरवली तर गूळ चिकट, नंतर उतरवली तर काळा. आईनं त्यांच्याबरोबर पंचवीसेक हंगाम काढले होते. आबांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

जाताना मित्र म्हणाला, "मला चित्र नको. कव्हर बघितल्यावर माणसाचा हात आपोआप पुढं आला पाहिजे." दसऱ्याच्या आधी फोटो पाठवायचा होता.

तीन फळ्या केल्या. तिन्ही टीव्हीच्या मागच्या भिंती झाल्या. मी इतका चिडलो की एक उचलून उकिरड्यावर फेकली. घट बसले, चौथी माळ झाली, आणि माझ्याकडं दाखवण्यासारखं काही नव्हतं. पोतं उपसलं तर सगळी धुतलेली, मऊ, गरीब कापडं. तेव्हा दाराच्या मागं खिळ्याला लावलेली एक पिशवी दिसली. आत एक गुंडाळी होती. उलगडली तर कडकड वाजली. जाड मांजरपाट, जागोजागी काळपट डाग, काखेत मिठाचे पांढरे नकाशे. उलटी गुंडाळली होती म्हणून आतला खिसा वर आला होता, आणि खिशात काहीतरी टणक होतं. असलं कापड मला जन्मात मिळालं नव्हतं. खिशातलं मी काढलं नाही. तेवढाच उंचवटा मिळतोय, म्हटलं.

गोंदाच्या पाण्यात ते बुडवलं आणि वास सुटला. काकवी, तंबाखू, चिपाडाचा धूर, आणि त्या सगळ्याच्या खाली घाम. शेडभर झाला. मी वळून दाराकडं बघितलं. मी दोन्ही हातांनी कापड पुट्टीत दाबलं आणि तासभर मान वर केली नाही.

फळी वाळली, कडेनं उजेड टाकून फोटो काढला, पाठवला. मित्राचा फोन आला. म्हणाला, "नाद खुळा. मी स्क्रीनवर हात फिरवालोय." मी त्या दिवशी शिट्टी वाजवत फिरलो, हे मला अजून आठवतं आणि अजून लाज वाटते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई शेडमध्ये आली. दाराच्या मागं बघितलं, खाली वाकून बघितलं, पोतं हलवलं.

"हितली पिशवी कुठाय रं?"

"कसली पिशवी?"

"खिळ्याला लावलेली. ह्येंची बंडी हुती तीत."

मी बोट दाखवलं. फळी समोरच भिंतीला टेकवलेली होती.

तिला कळायला थोडा वेळ लागला. मलाही. कारण मला बंडीपेक्षाही आधी दुसराच धक्का बसला होता. सहा वर्षं ही बाई, जिनं गल्लीला धुऊन काढलं, ती ट्रंकेच्या तळाला आबांची अंगातनं काढलेली बंडी जशीच्या तशी ठेवून होती. धुतली तर वास जाणार. न धुता घरात ठेवली तर घट कसा बसवायचा? म्हणून दरवर्षी, हे तिनं मला नंतर सांगितलं, घट बसायच्या आदल्या दिवशी ती पिशवी घराबाहेर न्यायची, गोठ्यात टांगायची, आणि दसरा झाला की परत आणायची. देवीशीसुद्धा तिनं हा व्यवहार गुपचूप ठरवून टाकला होता. त्या उन्हाळ्यात आम्ही म्हैस विकली, गोठा पाडला. मग पिशवी आली माझ्या शेडमध्ये. मला सांगणार कशी? ज्या तोंडानं सुनेला दारात उभं केलं, त्याच तोंडानं?

मी वाट बघत होतो, आता ही ओरडेल. आमच्या घरात रागाला कधी तोटा नाही. एवढा आवाज व्हायला पाहिजे होता की पुलापर्यंत जावा. पण ती फळीजवळ गेली, खाली बसली आणि नाक लावलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हळूहळू. मला तिथनं पळून जावंसं वाटलं.

"गोंद," ती म्हणाली. "नुसता गोंद येतोय."

मग तिचा हात त्या उंचवट्यावर थांबला. अंगठ्यानं चाचपलं.

"सुपारी हाय ही. अर्धी. अर्धी खाल्लीती, गेलं त्या दिवशी." हात तिथंच ठेवून तिनं विचारलं, "भिजवलीस तवा आलता का वास?"

"आलता."

"कसा?"

मी सांगितलं. काकवी म्हणालो, तंबाखू म्हणालो, धूर म्हणालो. ती म्हणाली, "आनी?" मी म्हणालो, घाम. ती मान खाली घालून ऐकत होती आणि मी थांबलो की "आनी?" म्हणत होती. सहा वर्षं तिनं तो वास पुरवून पुरवून वापरला असणार, ट्रंक जरा उघडायची आणि लगेच झाकायची. उरलेला सगळा मी एका दुपारी शेडमध्ये एकट्यानं संपवून टाकला होता.

"मग तुला कळलं न्हाई, कुणाची हाय ती?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. कुणालाही खरं वाटलं असतं. बंड्या काय, सगळ्या सारख्याच.

"कळलं," मी म्हणालो. "वास आला तेव्हा कळलं. आबा बाहेर सोप्यात येऊन बसल्यासारखं वाटलं."

"मग?"

"मग मी आणखी जोरानं दाबलं. इतकं चांगलं चाललं होतं, आई."

हे माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि माझाच मला विश्वास बसेना. इतके दिवस मी ते स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. बापाचा वास ओळखून माणसानं हात मागं घ्यायचा सोडून जोर लावावा? असला कसला मी? मला रडू फुटलं, शेडमध्ये, पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला.

आईनं पदरानं फळीवरची धूळ पुसली. मग तिनं डावा हात पुढं केला आणि मनगटाच्या वरचा भाजल्याचा जुना डाग मला दाखवला. हा डाग मी लहानपणापासून बघत आलोय. भाजलंय, एवढंच माहीत होतं.

"काहील उतरवायच्या टायमाला ह्यो हात भाजलाता," ती म्हणाली. "मी वराडले. ह्येनी बघितलं माझ्याकडं. चांगलं बघितलं. आनी आदी काहील उतरवली, मग आलं." तिनं पदर खोचला. "गूळ लई चांगला झालता त्या दिवशी. त्यांचाच हाईस तू."

हे तिनं मला माफ केलं म्हणून सांगितलं की आम्हा दोघांनाही एकदमच सुनावलं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

मी म्हणालो, मित्राला फोन करतो, कव्हर रद्द करतो. अजून छापलेलं नाही. ती उठता उठता म्हणाली, "आता रद्द करून तिचा गोंद काय धुऊन निघणार हाय? छापूदे की." मित्राला सगळं सांगितलं. तोही म्हणाला, थांबवूया. मी आईचं वाक्य त्याला जसंच्या तसं ऐकवलं.

तबकडी आली. कव्हर कंपनीनं उठावाचं छापलंय, खिशाच्या जागी खरंच बोट अडखळतं. परदेशातल्या कुणीतरी लिहिलं की हा वरून काढलेला कोरड्या नदीचा फोटो वाटतो. मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यास्नी काय म्हाईत." कव्हर तिनं एकदा नाकाला लावलं, शाईचा वास आला म्हणून तोंड वाकडं केलं आणि मला परत दिलं. फळी मात्र तिनं मला ठेवू दिली नाही. आतल्या खोलीत ट्रंकेच्या वर भिंतीला टेकवून ठेवली. येता-जाता तिचा अंगठा त्या सुपारीवर जातो. मी बघतो, पण बघितलं असं दाखवत नाही.

यंदा घट बसायच्या आदल्या दिवशी घरभर ओल्या वाकळांचा वास होता. मी पुट्टीचं पोतं गाडीवर बांधत होतो, एक भिंत करायची होती. आतनं हाक आली. गेलो तर आई फळीचं एक टोक धरून उभी.

"धर त्या बाजूनं."

"कुठं न्यायची?"

"शेडात. न धुतलेली हाय की ती."

प्लायवूड, पुट्टी आणि सिमेंट मिळून ती फळी चांगली जड आहे. सत्तरीची बाई ती छातीशी धरून, उलट्या पावलांनी, उंबरा सांभाळत निघाली. शेडमध्ये दाराच्या मागं, त्याच खिळ्याखाली आम्ही ती टेकवली. तिनं खिसा चाचपून बघितला आणि सरळ माझ्याकडं बघितलं.

"नऊ दिवस हितल्या कशाला हात लावू नगंस."

मी शेडला कुलूप लावलं आणि किल्ली तिच्या हातात दिली.