पाखरांना दिलेलं सूत

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या चुकीनंतर जे झालं त्याचा राग मात्र अजून डोक्यातून गेलेला नाही.

सत्तरच्या दशकात मी भिवंडीत कापडाच्या कारखान्यात लूम चालवत होतो. शुक्रवारी वीज बंद, म्हणून सुट्टी. मी सायकल काढून राखीव जंगल गाठायचो. हळद्या, तांबट, सुतार, कोतवाल, नाचण, किती जातींची पाखरं! घरट्यासाठी ती काड्या आणि तंतू वेचत हिंडायची. आमच्या कारखान्यातून तर वाया गेलेलं सूत पोत्यांनी निघायचं. एका उन्हाळ्यात मी ते पिशवीतून नेऊन झुडपांवर टांगू लागलो. हळद्याची मादी ते उचलून न्यायची आणि मला कोण आनंद व्हायचा.

जंगलाचा गार्डही खूश. मोळीवाल्या बायांचे कोयते हिसकावणारा हा माणूस माझ्या पिशवीत कधी डोकावला नाही. उलट "पुण्याचं काम करताय," म्हणायचा, आणि मी फुगायचो.

पुढच्या वर्षी लूमवर नायलॉन आला. तुटत नाही, कुजत नाही, म्हणून शेठ त्याचं कौतुक करायचे. तो धागा रोज माझ्या बोटांना कापायचा, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. लाल नायलॉनही मी तसाच नेऊन टांगला.

पावसाच्या तोंडावर ऐनाच्या झाडावर हळद्याचं घरटं दिसलं. एक पिल्लू पायाला धागा अडकून खाली लोंबत होतं, मेलेलं. दुसरं काठावर फडफडत होतं, पण त्याचाही पाय सुटेना. मी चपला काढून वर चढलो. धागा कापायची कात्री खिशात होतीच. पाय इतका आवळला होता की हाड दिसत होतं. धागा कापल्यावर पिल्लू शेजारच्या फांदीवर एका पायावर बसलं. मला माझीच लाज वाटली. आजूबाजूच्या झाडांवरचा लोंबता धागाही मी काढून घेतला.

खाली गार्ड उभा.

"काय घेतलंत? जंगलातली काडी बी भायेर न्यायची न्हाय."

"काडी न्हाय, माझंच सूत हाय. यानं पिल्लं मरतात."

"झाडावरनं काढलं ना? मंग ते जंगलाचं. अर्ज करा, सायबाची सही आना. तवर इथंच ठेवा."

आणताना कुणी अर्ज मागितला होता? पाखरं सांभाळायचा पगार घेणाऱ्या या माणसाला वर लटकलेलं पिल्लू दिसेना, माझ्या मुठीतला गुंता तेवढा दिसला! अंगाचा तिळपापड झाला. तरी जंगलचोरीच्या खटल्याला भ्यालो. गुंता झाडाखाली टाकला आणि सायकलकडे वळलो.

दहा पावलंही गेलो नसेन. मागे पाहिलं तर एक बुलबुल खाली उतरला होता आणि लाल धाग्याचं टोक चोचीत धरून ओढत होता.

मी धावत परत गेलो, त्याला हुसकावलं आणि सगळा गुंता शर्टात कोंबला.

"लिवा माझं नाव," मी ओरडलो. "चोर म्हनून लिवा."

गार्डनं खिशातून वही काढली आणि खरंच लिहिलं.