एल्डाच्या रानाचा भाव

उन्हाळा सुरू झाला की माझ्या चारा-दाण्याच्या दुकानात दोनच प्रश्न विचारले जातात. मक्याचं पोतं कितीला, आणि हरणांच्या शिकारीसाठी भाड्याने रान कितीला. पहिल्याचं उत्तर मी देते, कारण पोती माझी आहेत. दुसऱ्याचं उत्तर टेक्ससच्या या डोंगराळ भागात कुणी सरळ देत नाही. पाणी कुठे आहे, मचाणं शाबूत आहेत का, मालकाची गुरं मध्ये फिरतात का, इथून गप्पा सुरू होतात आणि आकडा निघतो तो अगदी शेवटी, माणूस टोपी चढवून दारात उभा राहिला की.

याला अपवाद एकटी एल्डा होमान. तिचा भाव गावाला पाठ होता, कारण तो कधी बदललाच नाही. चारशे एकर रान, एकराला वर्षाचे दहा डॉलर, आणि भाडेकरू कायमचे तेच, ह्यूस्टनचे चार म्हातारे. तिचा नवरा एडगर होता तेव्हापासून येणारे. तेव्हा ते म्हातारे नव्हते, एवढाच काय तो फरक.

एल्डा माझी शाळेपासूनची मैत्रीण, म्हणून तिच्याबद्दल वाटेल ते बोलायचा मला हक्क आहे. बाई उंच, हाडापेराने मजबूत, जिभेला धार. एडगर गेल्यावर तिने त्याची टोपी घातली ती घातलीच. फेब्रुवारी ते ऑक्टोबर ती बोलते ती माझ्याशी आणि गायींशी, आणि दोघींनाही सारखीच झापते. नोव्हेंबरमध्ये शिकारीचा हंगाम उघडला की दर शुक्रवारी संध्याकाळी ते चौघं तिच्या अंगणात ट्रक लावायचे. मग शेकोटी, हरणाच्या मांसाचे सॉसेज, आणि डोमिनोच्या ठोकळ्यांनी खेळायचा 'बेचाळीस' नावाचा डाव. त्या दिवशी दुपारीच एल्डा माझ्याकडे येऊन कुरकुरायची, "येतील आता मेले खायला." आणि हे म्हणताना तिच्या ट्रकमध्ये बटाट्यांची गोणी आधीच पडलेली असायची.

तर या सुखात बिब्बा घातला तो तिच्या मुलीने. चार्लीन सॅन अँटोनियोत बँकेत नोकरी करते. मुलगी गुणी आहे, पण तिला प्रत्येक गोष्ट दुसऱ्या गोष्टीशी ताडून बघायची सवय. मे महिन्यात ती आली आणि जेवता जेवता म्हणाली, "आई, पलीकडचे क्लाइन वीस घेतात एकराला. तू काय धर्मशाळा उघडली आहेस?"

"या चौघांना रानाची सवय आहे. फाटकं लावून घेतात, गायींना घाबरवत नाहीत."

"सवयीने कुंपण दुरुस्त होत नाही. एकदा, फक्त एकदा खुला भाव लावून बघ. कुणी आला तर त्याला द्यायचं. नाही आला तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

एल्डाने ते कबूल केलं. इतक्या चटकन कबूल केलं, तेव्हाच चार्लीनला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी एल्डा दुकानात आली. माझ्याकडे दारालगत एक फळा आहे, तिथे लोक बैल, बोकड, रान, जे काही द्यायचं-घ्यायचं असेल ते लावतात. मी तेच इंटरनेटवरही टाकते.

"लिही, व्हर्ना. चारशे एकर, एकराला चाळीस."

"डोकं ठिकाणावर आहे ना? तुझी हरणं शेळीएवढी. चाळिसाला कोण कुत्रं येतंय?"

"तेच तर हवंय मला. चार्लीन म्हणाली, भाव लाव. किती लाव ते नाही म्हणाली."

मला तो डाव फारच आवडला. मी ठळक अक्षरात लिहिलं आणि वर 'उत्तम प्रतीचं रान' असंही माझ्या मनाचं घातलं. आम्हा दोघींचं चुकलं ते इथे. इतकी वर्षं या धंद्याच्या कडेला बसून मला कळायला हवं होतं की शहरातला शिकारी हरीण बघून भाव ठरवत नाही, भाव बघून हरीण ठरवतो. वीसवाल्या रानासाठी लोक घासाघीस करत बसले होते, आणि एल्डाचा फोन मात्र वाजायला लागला.

"अगं, फोन करणाऱ्याने हरणांचं विचारलंसुद्धा नाही," ती मला सांगत होती. "म्हणाला, चाळीस घेता म्हणजे काहीतरी असणारच."

"पन्नास कर," मी सुचवलं. काय करणार, मला तेवढंच सुचलं.

तिने पन्नास केले. तर फोन करणारे राहिले बाजूला, डॅलसचा एक माणूस थेट येऊनच उभा राहिला. प्रेस्टन वँडिव्हर नाव, गालिच्यांचा मोठा व्यापारी. स्वभावाने चांगला, हसरा, बूट मात्र इतके कोरे की गायी वळून बघायला लागल्या. एल्डाने मला सोबत बोलावलं होतं. ट्रक तिने मुद्दाम रानाच्या सगळ्यात भिकार कोपऱ्याकडे घेतला, जिथे नुसते खडक आणि निवडुंग आहेत.

"इथे काही उगवत नाही," एल्डा म्हणाली.

"अस्पर्शित जमीन," वँडिव्हर म्हणाला.

"हे मचाण. कलतंय एका अंगाला. वर चढलात तर जबाबदारी तुमची."

"माझ्या आजोबांचं असंच होतं." त्याने मचाणाचा फोटो काढला.

"मिस्टर वँडिव्हर, सरळ सांगते. हरणं बारकी आहेत. शिंगं म्हणाल तर टोपी अडकवायलासुद्धा पुरत नाहीत."

त्याने माझ्याकडे बघून डोळा मारला. "मालकीणबाई हुशार आहेत. चांगला नर कुठे आहे ते कुणी पहिल्या दिवशी सांगतं का?"

मी तोंड फिरवून खोकल्याचं सोंग केलं. एल्डाने एवढं खरं बोलण्याचा प्रयत्न आयुष्यात क्वचितच केला असेल, आणि त्याचं फळ असं मिळत होतं. परत अंगणात आल्यावर त्याने ट्रकच्या बॉनेटवर ठेवून चेक लिहिला. वीस हजार डॉलर. एल्डा त्या कागदाकडे बघत राहिली. नाही म्हणायची सोय नव्हती. आमच्याकडे चारचौघांत मागितलेला भाव समोरच्याने दिला की माल त्याचा, मग तो बैल असो की रान. एडगरने हयातभर हे पाळलं आणि एल्डानेही. तिने हात पुढे केला आणि व्यवहार झाला.

चार्लीनने फोनवर आनंदाने किंकाळी मारली म्हणे. एल्डाने मात्र महिनाभर दुकानात माझ्याशी भांडण काढलं नाही, आणि मला त्याचीच काळजी वाटायला लागली. मक्याचे पैसे द्यायची, निघायची. ह्यूस्टनला कळवलंस का म्हणून विचारलं, तर म्हणायची, उद्या कळवते. असे बरेच उद्या गेले.

सप्टेंबरमध्ये ते चौघं नेहमीप्रमाणे मचाणं दुरुस्त करायला आले, शिड्या आणि फळ्या ट्रकमध्ये घालून. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. एल्डाने मला सकाळी फोन केला. "मी सांगणार आहे. तू फक्त बसून राहा. आणि तोंड उघडू नकोस."

आधी तिने त्यांना जेवू घातलं. सॉसेज, बटाट्याचं सॅलड, वर पीचच्या फोडींवर पिठाचा थर देऊन भाजलेला आमचा गरम गरम गोड पदार्थ. चौघांतल्या डबने तीनदा वाढून घेतलं. हॉलिसने पट्टा सैल केला. नेस्टर भांडी उचलायला लागला, तेव्हा एल्डा म्हणाली, "बस खाली. रान गेलं."

आणि मग तिने सगळं सांगितलं, चाळीसचं, पन्नासचं, माझ्या अगोचरपणाचंही. आकडा ऐकून डबने शीळ घातली. "चेक अजून बँकेत टाकलेला नाही," ती म्हणाली. "शब्द मोडायचा म्हणजे मला लाज वाटेल. पण तुम्ही म्हणालात तर मोडते."

या चौघांचा म्होरक्या रॉइस टिडवेल. तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात पाइप जोडण्यात हयात गेली, बोलणं कमी. तो म्हणाला, "मिस एल्डा, आम्ही जरा बाहेर जाऊन बोलतो."

चौघं ओकच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. आम्ही दोघी खिडकीतून बघत होतो. हॉलिसने ट्रकमधल्या शिड्यांकडे हात केला, नेस्टरने मान हलवली. एल्डाने माझं मनगट धरलं होतं, आणि ती कुणाला असं धरणाऱ्यांपैकी नाही. "निघाले बघ, व्हर्ना," ती म्हणाली. "आता हे घर मला खायला उठेल." एडगरच्या अंत्यविधीलासुद्धा तिने मला असं काही सांगितलं नव्हतं. मी काय बोलणार, मला तोंड न उघडण्याची ताकीद होती.

ते परत आले. रॉइसने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मिस एल्डा, मागच्या तीन हंगामांत आम्ही हरणं किती मारली?"

"एक," एल्डा म्हणाली. "तेही डबच्या ट्रकखाली आलं."

"त्याचीच चूक होती," डब पुटपुटला.

"मग रान घेऊन आम्ही करतो काय?" रॉइस म्हणाला. "खरं सांगू? माझे गुडघे गेलेत. मचाणावर चढलो तर उतरवायला दोघं लागतात. पण घरी शिकारीला जातो म्हटलं की कुणी काही विचारत नाही. चार बाप्ये एका बाईच्या अंगणात बसून बोलणी खायला साडेचार तास गाडी हाकतात, हे कुणाला सांगणार? हरणं म्हणजे आमचं निमित्त होतं. इतकी वर्षं भरले ते पैसे हरणांचे नव्हतेच." एवढं लांब त्याला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "त्या डॅलसवाल्याने रान घेतलंय, अंगण नाही घेतलं. रान त्याला द्या. अंगण आम्हाला द्या. भाव सांगा."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. एल्डा उठली, टेबलावर नसलेले खरकटे कण पुसायला लागली. बराच वेळ पुसत राहिली. शेवटी माझ्याच्याने राहवेना. "अगं, वीस हजार मिळालेत तुला. त्यांना फुकट बसू दे ना."

"तू गप्प बस." तिने फडकं आपटलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज माझ्या ओळखीचा होता. "फुकट नाही. चार हजार. जुनाच भाव."

हॉलिसने हिशेब करून पाहिला. "मिस एल्डा, ते चार हजार तर अख्ख्या चारशे एकरांचे होते. अंगण अर्धा एकरही नाही."

"मग क्लाइनकडे जा. त्याला अंगण आहे का बघा."

"पण पैसे कशाला, मिस एल्डा?" नेस्टरने अगदी हळू विचारलं. "आम्ही पाहुणे म्हणून येऊ."

"पाहुणे नकोत मला," एल्डा म्हणाली. "पाहुणा दोन दिवस राहतो, आभार मानतो आणि जातो, आणि पुढच्या वर्षी त्याला दुसरं कुणीतरी बोलावतं. पैसे भरलेला माणूस पैसे वसूल करायला येतो. दर शुक्रवारी. पाऊस असला तरी, गुडघे दुखत असले तरी."

रॉइसने टोपी घातली, टेबलाला धरून उठला आणि चेकबुक आणायला ट्रककडे गेला. बाकीचे तिघं खिसे चाचपत त्याच्यामागून निघाले.