देवमाशाच्या गळ्यातली कवड्यांची माळ

आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबांचा छापखाना होता; मोर्चा कुणाचाही असो, ओल्या शाईचा पहिला कागद माझ्या हातात पडायचा. जग हलवायला एक पान पुरतं, असं मला तेव्हापासून वाटतं. अजूनही वाटतं.

म्हणून गल्लीतल्या तालमीनं गणपतीच्या देखाव्यासाठी बैठक बोलावली, तेव्हा मी देवमाशांवरचं पत्रक लिहूनच गेले. शिकारीनं देवमासे संपत आले, तेव्हा कुठं देशादेशांनी एकत्र बसून व्यापारी शिकार थांबवली. तरी काही देश अजून मारतातच. वाचलेले जाळ्यांत अडकतात, जहाजांना धडकून मरतात. सगळं आवाज चढवून वाचलं.

"पंचगंगेत घावलाय व्हय एखादा?" मागून कुणीतरी विचारलं. बैठक हसली.

तालमीचे अध्यक्ष हसले नाहीत. ते आमचे शेजारी, सगळ्या गल्लीचे मामा. संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकतात. म्हणाले, "ते पिल्लाचं परत वाच."

मी वाचलं. बंदीच्या कितीतरी आधी देशांनी एक नियम केला होता: दूध पिणारं पिल्लू आणि त्याच्यासोबतची मादी मारायची नाही.

"म्हंजे दूध देती?"

"देते. मासा नव्हेच तो, मामा."

"मग देखाव्यात हीच करायची की, पिल्लासकट! कडबाकुट्टीची मोटर माझी."

बांबू, गोणपाट, काळा रंग. मोटर सुरू झाली की पिल्लू आईच्या पोटाशी जायचं आणि मागं यायचं. मी कौतुकानं बघत राहायचे.

पडदा उघडायच्या दिवशी दुपारी गेले, तर देवमाशाला कवड्यांची माळ! म्हैस व्याली की नजर लागू नये म्हणून मामा घालतात, तीच.

माझं डोकं फिरलं. "मामा, काढा ती! लोक हसतील. देवमाशाला मान तरी असते का?"

"माळ बसली की. म्हंजे हाय."

"हे खोटं आहे. माझ्या पत्रकाचा तमाशा होईल."

"बाळंतीण उघडी ठिवत न्हाईत, पोरी. माळ काढलीस तर मोटरबी काढतो."

मोटरीशिवाय पिल्लू आईपर्यंत पोचणार नव्हतं. मी धुमसत पत्रकांचा गठ्ठा उचलला.

संध्याकाळी मी पत्रकं वाटत होते. लोक कागद घ्यायचे, न वाचताच त्यात प्रसादाचं खोबरं गुंडाळायचे. तेवढ्यात कडेवर लेकरू घेतलेली एक बाई देखाव्यापुढच्या दोरीपाशी थांबली. कागदाकडं तिनं बघितलंच नाही. माळेकडं बघत म्हणाली, "व्यालेली हाय व्हय ही?"

"हो."

"आणि असलीला मारत्यात?"

"मारायचे. बंदी आली, तरी काहीजण अजून शिकार करतात."

"मुडदा बशिवला त्येंचा!" आवाज असा, की मागची रांग वळली. तिनं पत्रक मागून घेतलं आणि तिथंच, लोकांना अडवून, मोठ्यानं वाचायला लागली. मामांनी माझ्याकडं बघून नुसती मिशी पुसली.

रात्रीपर्यंत मोटरीच्या हादऱ्यानं माळ घसरत घसरत देवमाशाच्या डोळ्यावर आली.

"राहू दे आता," मामा म्हणाले, "उद्या बघू."

मी स्टूल ओढलं, वर चढले आणि नीट गाठ मारली.