उजवीकडून उघडणारं पुस्तक

तीन आठवड्यांपूर्वी, इथे आखातात, सलवातलं काम आटोपून अबू हलीफाला घरी परतत होते, तेव्हा कुडाळहून फोन आला. "ताई, बाबा गेले..." दत्ताराम सावंतांची मुलगी, सुनंदा. मी गाडी बाजूला घेतली. फोन ठेवण्याआधी तिने माझ्याकडे एक गोष्ट मागितली. ती नंतर सांगते, आधी दत्ताराम काका सांगायला हवेत.

काका फहाहीलच्या एका छापखान्यात तीस वर्षं बाइंडर होते. मी पुण्याची, बँकेत नोकरी करणारी, कॅमेऱ्याचं खूळ असलेली. कोकणातून काँट्रॅक्टवर आलेले सुतार, वेल्डर, प्लंबर इथे एकेका खोलीत सहा-सहा राहतात. त्यांच्या शुक्रवारच्या सुट्टीचे फोटो मी तीन वर्षं काढत होते. मोबाइलवर लोक "मस्त" म्हणत आणि बोटाने पुढे सरकवत. मला त्यांचं पुस्तक हवं होतं, फोटोतल्या प्रत्येकाच्या हातात एक. पेन ड्राइव्ह घेऊन मी काकांकडे गेले तर ते म्हणाले, "बाय, हेच्यात माका काय दिसना नाय. कागदार काढून घेवन ये."

मग पोस्टकार्डाएवढ्या प्रती काढून आम्ही त्यांच्या खोलीत सतरंजीवर मांडायचो. माझे लाडके फोटो ते खुशाल उचलून बाजूला ठेवत. "फोटोक शेजार बरो होयो," एवढंच म्हणत. एकदा त्यांनी डुलकी काढणारा वेल्डर आणि घरी व्हिडिओ कॉल करणारा सुतार शेजारी-शेजारी ठेवले, आणि झोपलेला माणूस त्या घराचंच स्वप्न बघतोय असं वाटायला लागलं. पुस्तक कसं बनतं ते मला त्या सतरंजीवर कळलं. फक्त एका बाबतीत मी त्यांचं ऐकलं नाही. हातात दाभण घेतलेल्या काकांचा फोटो मी हट्टाने पहिल्या पानावर घातला. "फुडे माका नको गो," म्हणत ते लाजले होते.

तीस प्रती त्यांनी सुट्टीच्या दिवसांत एकट्याने शिवल्या आणि तिथेच घोटाळा झाला. इतकी वर्षं उजवीकडून उघडणारी अरबी पुस्तकं बांधलेले हात ते. सगळ्या प्रतींचे टाके उजव्या बाजूला पडले. आपल्या सवयीने उघडलं की शेवटचं पान आधी! वाटपाच्या शुक्रवारी, सगळ्यांची जेवणं व्हायची असताना, ते माझ्या लक्षात आलं आणि मी चारचौघांत तडकले. "काका, तीन वर्षांची मेहनत पाण्यात घातलीत!"  ते खाली मान घालून प्रती गोळा करायला लागले. "टाके उसवून परत बांधतंय," एवढंच पुटपुटले.

पांडू सुतार मात्र प्रत सोडेना. त्याने उघडलं होतं ते दोरीने आवळलेल्या, गावाला निघालेल्या बॅगांचं पान. "ऱ्हवांदे काका. हय इल्याच्या दिसापासून आमी जावचाच तर बघतंव. बरोबर लागला हा."

कोणीच प्रत परत केली नाही. मीही चाळून पाहिलं. शेजार एकही मोडला नव्हता, फक्त डावा उजवीकडे गेला होता. मला स्वतःचीच लाज वाटली. "माझं चुकलं, काका," म्हटलं, तर ते मिश्कील हसले. "माज्या मनासारख्या झाला. मी मागे गेलंय."

गेल्या वर्षी ते कायमचे गावी गेले. आणि आता सुनंदा फोनवर विचारत होती, "ताई, फ्रेम करायला बाबांचा एकही धड फोटो नाही. आहेत ते पासपोर्टचे. पुस्तकातलं त्यांचं शेवटचं पान कापू का?"

इतरांची पानं शिवण्यात जन्म गेला, आणि स्वतःचं म्हणून हे एवढं एकच... "कापू नकोस गं," मी कशीबशी म्हणाले, "मी मोठा करून पाठवते."

माझी प्रत कपाटात समोरच असते. अजूनही हात सवयीने डावीकडूनच उघडतो. आधी बॅगा येतात, मग सुतार, वेल्डर, सगळी मंडळी, आणि अगदी शेवटी दाभण हातात घेऊन, नको नको म्हणताना हसलेले काका. त्या दिवशी मी तुमचं ऐकलं नाही ते बरं झालं, काका. आणि तुमचे हात चुकले, तेही.