एकादशीला कर्णा का चालला?

ती घटना आठवली की अजूनही मला हसू येते.

स्वातंत्र्याला काही वर्षे झाली होती. मी कल्याणला फौजदार होतो. दर उन्हाळ्यात मैदानावर व्याख्यानमाला भरे. बाहेरगावचे विद्वान बोलत, मग अध्यक्ष समारोप करीत. अध्यक्ष गावातले नामांकित वकील होते. व्याख्यानानंतर पाहुण्यांचे जेवण त्यांच्याच घरी, हा शिरस्ता.

एके सकाळी वकीलसाहेब ठाण्यात आले. खुर्चीवर बसायलाही तयार नव्हते.

"तीन वेळा झालं. पाहुण्यांच्या भाषणात आवाज जात नाही, आभारात जात नाही. माझ्या समारोपातच जातो! हा कट आहे. त्या माईकवाल्याचा परवाना रद्द करा."

ध्वनिक्षेपकाचा परवाना आमच्या ठाण्यातूनच मिळे. माईकवाला डोंबिवलीचा, दोन लहान मुलांचा बाप. लग्नसराई तोंडावर आली होती. परवाना गेला असता तर त्याचे घर बसले असते.

दुपारी हवालदाराने खबर आणली. "साहेब, पलीकडच्या आळीतल्या विरोधी मंडळानं त्याला फोडलाय. सगळा बाजार बोलतोय."

सगळा बाजार बोलतो तेव्हा बहुधा एकच जण बोललेला असतो आणि बाकीच्यांनी ऐकलेले असते, हा माझा अनुभव. तरी जागेची पाहणी केली.

आवाज मोठा करणारे दोन अ‍ॅम्प्लिफायर व्यासपीठाखाली, कर्ण्यांजवळ होते. माईकवाला मात्र मंडपाच्या मागच्या टोकाला, बायकांच्या बैठकीलगत, कनातीच्या आडोशात बसे. लोकांना कसे ऐकू येते ते तिथूनच कळे. मशीन चालू-बंद करायला दर वेळी गर्दीतून धावावे लागू नये म्हणून त्याने मंडपाच्या कडेने एक पातळ तार नेली होती. आडोशातले बटण खाली केले की व्यासपीठाखालच्या डबीत टक् असे वाजे आणि मशीनची वीज तुटे. ही त्याची स्वतःची करामत. चौकशीला आलेल्या पोलिसाला ती दाखवतानाही त्याचा चेहरा खुलला होता.

त्याने बटण पुन्हा वर केले, पण कर्णा लगेच बोलेना.

"मशीनमधले व्हॉल्व तापायला वेळ लागतो, साहेब. तोवर मुका."

वकिलांनीही तेच सांगितले होते. आवाज एकदम जातो, येतो मात्र हळूहळू. तार सैल असती तर खरखर झाली असती. म्हणजे कोणीतरी बटणच दाबत होते. माईकवाल्याला ठाण्यात आणून समोर बसवले.

"तू दाबलंस?"

"माझ्या जागेवरून दाबलं गेलं."

"कोणी दाबलं?"

"परवाना घ्या साहेब, पण नाव नाही सांगायचा."

"त्या मंडळानं काय दिलं तुला?"

"मंडळ?" तो म्हणाला आणि त्याने तोंडावर रुमाल धरला. दोषी माणूस चिडतो किंवा रडतो. हा हसू दाबत होता. मी त्याला घरी पाठवले.

संध्याकाळी जेवताना पत्नीला हे सांगितले. ती रोज व्याख्यानाला जाई.

"अहो, पण मध्ये एका दिवशी नव्हता गेला आवाज," ती म्हणाली. "वकीलसाहेब मन भरेस्तोवर बोलले. मला दोनदा डुलकी लागली."

"कोणत्या दिवशी?"

"एकादशीला." तिने माझ्या भातावर आमटी वाढली. "एकादशीला पाहुण्यांच्या पानात काय असतं, फौजदारसाहेब?"

"फराळ. केळी, दाण्याचे लाडू."

"म्हणजे गार होण्यासारखं काही नाही. आणि वकीलीणबाई रोज कनातीला लागून बसतात, ते तुमच्या पंचनाम्यात आलं का?"

आले नव्हते. मी वाफाळत्या आमटीकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी माईकवाल्याला घेऊन मी आणि पत्नी वकिलांकडे गेलो. मी विषय काढण्याआधीच वकीलीणबाई बाहेर आल्या.

"या माईकवाल्या भाऊंना सोडा. बटण मी दाबलं. ते नको नको म्हणत होते, मीच ऐकलं नाही."

"तू?" वकीलसाहेब उभे राहिले. "मला खुणेनं सांगायचं होतंस!"

"खुणावलं की! तुम्हाला वाटलं मी मान डोलावत्येय. आणखी रंगात आलात. पाहुणे उपाशी, शेगडीवर भाताचा गोळा!"

"आमटीसाठी माझा समारोप तोडलास?"

"रोज तीच आमटी तीनदा उकळायची आणि पाहुण्यांना ताजी म्हणून वाढायची. मला लाज वाटते हो."

वकीलसाहेब माईकवाल्याकडे वळले. "आणि तू यासाठी परवाना घालवणार होतास?"

"ताईंचं नाव ठाण्यात कसं घेऊ, साहेब?"

मग वकीलसाहेब जे हसले, ते रस्त्यापर्यंत ऐकू गेले असेल. त्या हसण्याला कर्ण्याची गरज नव्हती. त्यांनी तक्रार मागे घेतली. मी प्रकरण दप्तरी दाखल केले. त्याच संध्याकाळी माईकवाल्याने आणखी एक तार ओढून अध्यक्षांच्या टेबलावर छोटा लाल दिवा बसवला. वकीलीणबाई उठल्या की त्याने आडोशातून तो लावायचा. दिवा लागला तेव्हा वकीलसाहेब वाक्याच्या मध्यावर होते. तिथेच त्यांनी नमस्कार केला. इतक्या टाळ्या त्या मंडपात मी पुन्हा ऐकल्या नाहीत.

त्यानंतर कोणतीही तक्रार आली की मी वैऱ्यांची चौकशी करण्याआधी घरात चूल कधी पेटते ते विचारू लागलो. पुष्कळदा उपयोग झाला. हे मला जिने शिकवले, ती माझी पत्नी यंदा माघात गेली. मी गोष्ट लांबवू लागलो की ती स्वयंपाकघरात ताटाचा आवाज करीत असे. हे लिहितानाही मधूनमधून तिकडे कान जातो. घर शांत आहे. पण एव्हाना ते ताट वाजले असते, एवढे मला कळते.