तळ्याकाठची मानलेली बहीण

मला सांगा, विश्वास कुणावर ठेवायचा? चोरावर, की चोराची गोष्ट सांगणाऱ्यावर? घाई नको. आधी माझी फजिती ऐका. चहा निवतोय, तो घ्या.

इकडे परदेशात, मिल्टनला माझं ग्रोसरीचं दुकान. शिक्षण दहावी, तेही गणिताच्या सरांच्या दयेने. आणि आमचा मराठी ग्रुप? दोन रिटायर्ड डॉक्टर, एक प्रोफेसर, बाकी सगळे सॉफ्टवेअरवाले. तिथे मला प्रश्न एकच. "शेठ, ताजी मेथी कधी येणार?"

दुकानात केरळचा मॅथ्यू यायचा. त्याच्यासाठी मी लाल तांदूळ आणि केळ्याचे वेफर्स ठेवायला लागलो, बोलता बोलता दहा-बारा मल्याळम शब्दही उचलले. तेवढ्या भांडवलावर ग्रुपमध्ये सांगून बसलो, "मल्याळम? येतं की!"

डॉक्टर केळकरांनी चष्म्यावरून पाहिलं. "असं? मग दाखवा एखादा चांगला पिक्चर."

मॅथ्यूने डीव्हीडी दिली. "गाँव के चोर की लव्हस्टोरी है भाईसाब, बहुत हँसोगे. नीचे इंग्लिश भी आता है." मी त्यालाही बोलावलं.

शनिवारी माझ्या बेसमेंटमध्ये पंचवीस माणसं. पिक्चर सुरू झाला आणि खालचं इंग्लिश काही येईना! मॅथ्यू बायकोला ड्यूटीवरून आणायला गेलेला.

"शेठ, तुम्हाला येतं ना?" केळकर वळले. "सांगा की!"

पंचवीस शिकलेली माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत. आयुष्यात पहिल्यांदा! नाही कसं म्हणणार?

उभा राहिलो. पडद्यावर चोर कौलं काढून एका घरात उतरला. तिथल्या मुलीने त्याला पकडलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. मी म्हटलं, "ही त्याची बहीण. जेवायला थांब म्हणतेय. वडील वारल्यापासून बिचारी एकटीच असते."

वीस मिनिटांत दोघं तळ्याकाठी गळ्यात गळे घालून गायला लागले.

"अहो, बहीण ना ती?" केळकर काकू ओरडल्या.

"मानलेली होती," मी म्हटलं. "आता मानत नाहीत."

सगळे हसले. मला चेव चढला.

इंटरव्हलनंतर त्या घरातून एक म्हातारा बाहेर आला. मुलगी त्याच्या पाया पडली.

"हे वडील दिसतात," प्रोफेसर म्हणाले. "वारले होते ना?"

"तिला आठवण येतेय त्यांची."

आठवणीने कोपऱ्यातली काठी उचलली आणि चोराला अंगणभर बडवलं.

"फारच तीव्र आठवण आहे," प्रोफेसर म्हणाले.

पिक्चर संपला. टाळ्या! केळकरांनी माझी पाठ थोपटली. "शेठ, मानलं तुम्हाला!" एवढ्यात जिन्यावर मॅथ्यू दिसला. इंटरव्हलपासून तिथेच बसला होता म्हणे. मी घाईने डीव्हीडी काढायला वळलो. मग म्हटलं, याला मराठी कुठे कळतंय? आम्ही कायम हिंदीत बोलणार. मी गिऱ्हाइकाला मुलांच्या परीक्षांपासून गुडघेदुखीपर्यंत सगळं विचारतो, हे एक विचारायचं राहिलं.

तो खाली आला आणि सगळ्यांसमोर स्वच्छ मराठीत म्हणाला, "शेठ, मी नऊ वर्षं पुण्यात होतो. आमच्या चोराने पितळेची चार भांडी नेली. तुम्ही अख्खा पिक्चर नेलात."

सगळ्यात आधी केळकर हसले. अजून थांबलेले नाहीत.

तेव्हापासून ग्रुपमध्ये मला पुन्हा मेथीचंच विचारतात. फक्त वर एक प्रश्न वाढलाय. "शेठ, ताजी आहे, की मानलेली ताजी?"

आता माझ्या थापा मोजत बसला असाल, तर हिशेब प्रामाणिक ठेवा हं. बहीण एक, वडील दुसरे. जेवणाचं आमंत्रण बहिणीतच धरा. आणि मल्याळम येतं म्हणालो होतो, ती पहिली थाप. ती मी सोयीने विसरेन, तुम्ही विसरू नका.