हिरव्या जोडीची ताटातूट

शतक नुकतंच बदललं होतं, तेव्हाची गोष्ट. राजारामपुरीतल्या आमच्या घरात थोरल्या जाऊबाईंनी आणि मी कॉम्प्युटरचा क्लास काढला. जाऊबाई गडहिंग्लजकडच्या; मी त्यांना अक्का म्हणायची. माडीवर मुख्य मशीन आणि प्रिंटर, परसातल्या खोलीत मुलांची मशीनं. मधल्या लांबलचक केबलचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात बी.एस्सी. झालेली मी एकटीच.

दुकानदारानं जी केबल दिली तिच्यावर ‘अनशिल्डेड’ लिहिलेलं. म्हणजे वरून कवच नसलेली. मी म्हटलं, “मग कवचवालीच द्या की.”

“ताई, आत तारांना पीळ हाय. त्येच कवच. दोन्ही टोकांना रंग एकसारखं लावा, बास.”

पीळ कसलं कवच होणार, मला काही कळेना. पण विचारायची लाज वाटली.

घरी येऊन केबल सोलली. आत आठ तारा, दोन-दोन एकमेकींना वेढे देत गेलेल्या. मी टोकाच्या आठ खाचांच्या प्लगमध्ये नीटनेटकेपणानं क्रम लावला: नारिंगी जोडी, शेजारी निळी, मग हिरवी, मग तपकिरी. दोन्ही टोकांना अगदी तसंच. दुकानातून आणलेल्या, केबल तपासायच्या यंत्रावर सगळे दिवे ओळीनं लागले. अक्कांनी माझ्या हातावर साखर ठेवली.

क्लास सुरू झाला आणि माझं डोकं चालेना. मशीनवरचा जोडणीचा दिवा लागायचा, परसातलं मशीन माडीवरच्या मशीनला ओळखायचं, पण फाइल पाठवली की अर्ध्यात अडकायची. त्याच क्रमानं केलेला आखूड तुकडा मात्र मस्त चालायचा. उंदरांनी कुरतडली म्हणावं, तर केबल धड. शेवटी अक्कांच्या ध्यानात आलं की शेजारची पिठाची गिरणी चालू असतानाच असं होतं, आणि त्या तिकडे गेल्या. “ओ काका, जरा गिरणी थांबवा की!”

गिरणी थांबली आणि फाइल गेली. गिरणी सुरू झाली, फाइल अडकली. मी आणखीच गोंधळले. दळणाचा आणि आमच्या तारांचा संबंध काय?

गिरणी काही रोज थांबवता येईना, मग अक्का फाइल फ्लॉपीवर घेऊन जिना चढू-उतरू लागल्या. एकदा शिरोळची एक मुलगी बायोडाटा छापायला थांबली होती आणि नेमकी फ्लॉपीच खराब निघाली. तिची एसटीची वेळ झाली. जाताना म्हणाली, “हे रोज असंच असतंय व्हय?” त्यानंतर ती आलीच नाही. अक्का त्या दिवशी नीट जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनबरोबर आलेली तयार केबल खिडकीच्या उजेडात धरली. “अगं, ह्यात हिरव्या तारा शेजारी न्हाईतच. मधी निळ्या घुसल्यात.”

“कारखान्यात चुकलं असेल, अक्का.”

“चुकलंय तर ही चालती कशी? आणि तुझी बरोबर आहे, ती का चालंना?”

मी आमच्या केबलची दोन्ही टोकं कापली आणि हिरव्यांची ताटातूट करून मधे निळ्या बसवल्या. चुकीचंच करतेय असं वाटत होतं. गिरणी घरघरत असताना फाइल सरळ माडीवर गेली. अक्कांनी टाळीच वाजवली आणि लगेच शिरोळला, त्या मुलीच्या शेजारच्यांकडे फोन लावला. पुढच्या आठवड्यात ती आली. जरा अविश्वासानंच प्रिंटरपाशी उभी राहिली, आणि कागद हातात पडल्यावर हसली.

पुढं एका पुस्तकात वाचलं. एकच संदेश दोन तारांवरून जातो, एकीवर सुलट, दुसरीवर उलट. त्या एकमेकींना वेढलेल्या असल्या की बाहेरची खरखर दोघींवर सारखीच पडते, आणि पलीकडे वजा होते. प्लगमध्ये एका संदेशाची दोन टोकं मात्र शेजारी-शेजारी नसतात. माझ्या क्रमात त्या संदेशाची एक तार निळ्या जोडीतली आणि दुसरी हिरव्या जोडीतली लागत होती, म्हणून लांब केबलमध्ये गिरणीच्या मोटरची खरखर शिरत होती. तपासायचं यंत्र फक्त तार या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड आहे का ते बघत होतं. कोण कुणाशी वेढलंय हे त्याला दिसतच नव्हतं.

एवढं उमगलं. पण टोकंच शेजारी का ठेवली नाहीत? प्लगच्या मधल्या दोन जागा जुन्या टेलिफोनसाठी राखलेल्या, असं एकानं सांगितलं. आमच्या घरच्या फोनची तार तर वेगळीच होती, मग हे कुणासाठी? मी अक्कांना कागदावर चित्र काढून समजावू लागले, आणि मधेच माझंच अडलं.

अक्कांनी कागद माझ्याकडे सरकवला. “मला काय कळ्ळं न्हाई,” त्या म्हणाल्या, “पण तुलाबी सगळं कळलेलं दिसत न्हाई. चल, पोरं खोळंबल्यात.”